व्हायरल लोड : रक्ताच्या नळीपासून रिपोर्टपर्यंत

(दृश्य : रक्त घेण्याची खोली)

रक्तात एचआयव्ही किती आहे, तो आकडा म्हणजे व्हायरल लोड. जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्या. आत ईडीटीए आहे, त्यामुळे रक्त गोठत नाही. रक्त भरलं की नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करायची. हिसके दिले तर पेशी फुटतात.

इथून दोघींचे रस्ते वेगळे. सीडी४ म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या संरक्षक पेशी. त्या मोजायची नळी खोलीच्या तापमानालाच ठेवायची, फ्रिजमध्ये नाही. तिथे जिवंत पेशी मोजायच्या असतात. व्हायरल लोडच्या नळीतला प्लाझ्मा मात्र २४ तासांच्या आत वेगळा व्हायला हवा. उशीर झाला की विषाणूचा आरएनए तुटू लागतो, पेशींतला ऐवज प्लाझ्मात मिसळतो आणि आकड्यावर भरवसा राहत नाही.

(दृश्य : सेंट्रिफ्यूज, मग पीसीआर यंत्र)

सेंट्रिफ्यूज थांबलं. खाली लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा, मधे पांढुरका पातळ थर. पिपेटचं टोक त्या थराला लागू द्यायचं नाही. घ्यायचा तो फक्त वरचा प्लाझ्मा.

त्यातून आरएनए काढतात, त्याचा डीएनए बनवतात आणि तो दर फेरीला दुप्पट करत नेतात. प्रती पुरेशा वाढल्या की यंत्राला चमक दिसते. ती लवकर दिसली तर विषाणू जास्त, उशिरा दिसली तर कमी. सोबत घातलेला नियंत्रण-नमुनाही चमकला नाही, तर तो निकाल बादच. गंमत अशी, की आरएनएवरून डीएनए बनवण्याची ही युक्ती विषाणूचीच. शरीरात तीच बंद पाडायला टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन देतात.

(दृश्य : गोळी, जवळून)

या एका गोळीत टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. रोज एक. डोल्युटेग्राविर विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत शिरू देत नाही. अँटासिड, लोह, कॅल्शियम पोटात एकत्र आले तर ते डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणून गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल, तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं.

(दृश्य : पडद्यावरचा आलेख)

व्हायरल लोडची ही घसरण बघा. विषाणू बनवणाऱ्या बहुतेक पेशी एक-दोन दिवसांतच मरतात आणि नव्या पेशींना लागण होत नाही, म्हणून सुरुवातीचा उतार इतका सरळ. बहुतेकांचा आकडा तीन महिन्यांत मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली येतो. पण झोपलेल्या सीडी४ पेशींत दडलेल्या विषाणूला औषध हात लावत नाही. तो साठा निम्मा व्हायलाच साडेतीन-चार वर्षं जातात. गोळी थांबवली की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू परततो.

वर चढणारी रेष सीडी४ची. पहिल्या काही महिन्यांतली उडी फसवी असते. लसिका ग्रंथींत अडकलेल्या जुन्याच पेशी रक्तात येतात. खरी नवी भरती संथ, घन मिलिमीटर रक्तामागे वर्षाला साधारण ५० ते १०० पेशी. उपचार २००च्या खाली असताना सुरू झाले, तर काहींचा आकडा विषाणू वर्षानुवर्षं दबूनही ५०० गाठत नाही. तेवढ्यासाठी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची ही औषधं, बदलायची नसते. सीडी४ पुरेशी वर येईपर्यंत इतर संसर्ग टाळणारं को-ट्रायमॉक्साझोल चालू ठेवायचं.

आणि सीडी४ चांगली झाली म्हणून गोळीला सुट्टी? तो प्रयोग झालेला आहे. ‘स्मार्ट’ अभ्यासात, २००६ साली, सुट्टी घेणाऱ्या गटात आजारपणं आणि मृत्यू दोन्ही जास्त निघाले.

(दृश्य : रिपोर्ट)

‘आढळला नाही.’ हा आकडा टिकला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ५० ते २००च्या मधली एखादीच उसळी म्हणजे औषध हरलं असं नाही. तपासणी पुन्हा करायची. व्हायरल लोडची नेहमीची तपासणी उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, मग बाराव्या, मग दरवर्षी. सीडी४ बरी आहे म्हणून ही तपासणी टाळणं आम्हाला मुळीच पटत नाही: सीडी४ घसरू लागते तोवर विषाणू बरेचदा कित्येक महिने वाढत असतो.

१०००च्या वर गेला तर आधी चुकलेले डोस शोधायचे, समुपदेशन करायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तेव्हाही वरच असेल, तर औषधप्रतिकाराची तपासणी. तीही गोळी चालू असतानाच, कारण गोळी बंद झाली की मूळ विषाणू जोर धरतो आणि प्रतिकार असलेला तपासणीत सापडत नाही.