तीन माणसं, एक खोली: यो ला टेंगोचा अल्बम

नमस्कार श्रोतेहो.

आज एका अल्बमबद्दल बोलायचं आहे. 'यो ला टेंगो' हा अमेरिकन इंडी रॉक बँड. १९८४पासून वाजवतोय, म्हणजे चाळिशी ओलांडली. त्यांचा 'धिस स्टुपिड वर्ल्ड' हा अल्बम १० फेब्रुवारी २०२३ला मॅटाडोर रेकॉर्ड्सनं आणला. नऊ गाणी, सगळी मिळून पाऊण तासाच्या थोडी पुढे जाणारी. माझं मत आधीच सांगते. तीन माणसं एका खोलीत, एकाच वेळी, एकमेकांकडे कान लावून वाजवतात तेव्हा काय घडतं, ते इतक्या जवळून ऐकवणारा रॉक अल्बम फार दिवसांनी कानावर पडलाय.

ही तीन माणसं कोण? गिटारवर आयरा कॅप्लन, ड्रम्सवर जॉर्जिया हबली. हे दोघं नवरा-बायको, बँडची सुरुवात यांनीच केली. आयरा आधी संगीतावर लिहायचा. जॉर्जियाचे आईवडील ऑस्कर मिळवलेले अ‍ॅनिमेशनपटकार. पहिल्या काही वर्षांत बँडमध्ये बास, म्हणजे खर्जातल्या सुरांची गिटार, वाजवणारे बरेच आले आणि गेले. मग १९९२मध्ये जेम्स मॅकन्यू आला आणि कायमचा राहिला. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. न्यूजर्सीतलं होबोकन हे त्यांचं गाव. हडसन नदीच्या एका काठाला होबोकन, समोरच्या काठाला मॅनहॅटन.

अल्बमचं पहिलंच गाणं या गावातल्या रस्त्याचं नाव घेऊन येतं: 'सिनात्रा ड्राइव्ह ब्रेकडाउन'. फ्रँक सिनात्राचा जन्म १९१५मध्ये होबोकनमधलाच, त्याच्या नावाचा रस्ता तिथे नदीकाठानं जातो. गाणं सात मिनिटांहून मोठं आहे. बास एक छोटी चाल धरतो आणि ती सोडतच नाही. ड्रम्स त्याच चालीला चिकटून, घाई न करता पुढे सरकतात. आणि या दोघांच्या वर आयराची गिटार खरवडते, किंचाळते, मध्येच गप्प होते, पुन्हा उसळते. ख्यालगायनाची सवय असलेल्या कानाला हे अजिबात परकं वाटू नये. खाली ठेका न हलता चालू असतो, म्हणूनच वरच्याला भटकायची मुभा मिळते. आयरा इथे जो धुडगूस घालतो, तो बाकीच्या दोघांच्या जिवावर. त्या दोघांपैकी एकानं जरी चाल सोडली असती, तरी त्या गिटारीचा नुसता गोंगाट झाला असता.

आणि या सगळ्यावर गाणारा आवाज मात्र जवळजवळ कुजबुजता. शब्द नीट ऐकायचे तर आपल्यालाच पुढे झुकावं लागतं. या बँडची ही जुनी खोड आहे आणि मला ती फार आवडते. रॉकमध्ये गायक सगळ्यांच्या पुढे उभा असतो. इथे आवाज वाद्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

हा अल्बम असा का वाजतो, याचं कारण तो कसा बनला त्यात आहे. १९९३च्या 'पेनफुल'पासून २००९पर्यंत त्यांच्या अल्बमचं काम रॉजर मूटनो या निर्मात्याबरोबर झालं. पुढेही कुणी ना कुणी बाहेरचा माणूस असायचा. या वेळी बाहेरचा निर्माता नाही. तिघांनी स्वतःच वाजवलं, स्वतःच रेकॉर्ड केलं. बहुतेक गाण्यांचा पाया तिघांनी एकदम वाजवलेला आहे. हल्ली एकेक वाद्य वेगवेगळं रेकॉर्ड करून संगणकावर एकावर एक बसवणं सर्रास चालतं. त्यात ताल घड्याळासारखा पक्का होतो, पण एकानं हात जरा सैल सोडला की दुसऱ्यानं आपसूक सावरणं, ही गोष्ट त्यात येऊ शकत नाही. ती इथे पावलोपावली ऐकू येते.

२०२०मध्ये, साथीच्या दिवसांत, हे तिघं आपल्या सरावाच्या खोलीत अंतर राखून बसले, मधोमध एकच मायक्रोफोन ठेवला आणि काहीही न ठरवता वाजवत राहिले. त्याचा एक छोटा, शब्द नसलेला संग्रह निघाला. संथ, लांबलेले स्वर, बाकी काही नाही. या अल्बमची वाट मला तिथूनच निघालेली दिसते.

पण अशी सवय एका वर्षात लागत नाही. इथे मला एका रेडिओ स्टेशनबद्दल सांगायलाच हवं, आणि रेडिओवरून सांगताना आनंद होतोय. होबोकनला लागूनच जर्सी सिटी आहे. तिथलं डब्ल्यूएफएमयू हे स्टेशन जाहिराती घेत नाही, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. १९९६पासून बरीच वर्षं यो ला टेंगो त्यांच्या देणगी-मोहिमेत जाऊन बसायचे. श्रोत्यानं फोन करायचा, देणगी कबूल करायची आणि कुठलंही गाणं मागायचं. बँड ते तिथल्या तिथे, तालीम न करता, थेट प्रसारणात वाजवायचा. सूर अंदाजानं धरायचे, विसरलेले शब्द रेटून न्यायचे. त्यातली निवडक रेकॉर्डिंग्ज त्यांनी २००६मध्ये प्रसिद्धही केली, चुकांसकट. पुढचा सूर कुठला येणार हे कुणालाच माहीत नसताना सोबत्याच्या बोटांवर लक्ष ठेवून वाजवायची ही शाळा. हनुक्का या ज्यू सणाच्या आठ रात्रींच्या त्यांच्या मैफलीही तशाच. २००१मध्ये होबोकनच्या मॅक्सवेल्स या क्लबमध्ये त्या सुरू झाल्या. आठही रात्री गाण्यांची यादी बदलत जाते, पाहुणे बदलतात आणि पैसे चांगल्या कामाला जातात. २०१३मध्ये मॅक्सवेल्स बंद पडलं. पुढे या मैफली न्यूयॉर्कच्या बावरी बॉलरूममध्ये भरू लागल्या.

आता पुन्हा अल्बमकडे. दुसरं गाणं 'फॉलआउट'. जाडजूड, खरखरीत गिटार आणि तिच्याखाली एक गोड चाल. काळाच्या बाहेर पडावंसं वाटणाऱ्या माणसाचं हे गाणं आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं इथून सुरुवात केली तरी चालेल. 'असेलेस्टिन' जॉर्जियानं गायलंय, आणि माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात सुंदर गाणं तेच. तिच्या गाण्यात सजावट नसते. स्वर जिथे आहे तिथे ती तो ठेवते आणि पुढे जाते. त्यामुळे दुःखाची ओळ आली तरी ती रडवी होत नाही. 'अपॉलॉजी लेटर' हे आयराचं, माफी मागताना शब्द तोंडातून वाकडेच निघणाऱ्या माणसाचं. 'ब्रेन केपर्स' मला तितकंसं भावलं नाही. जोर आहे, पण आधीच्या गाण्यांतली मोकळी हवा तिथे कमी पडते.

शीर्षकगीत मात्र चुकवू नका. जग मूर्ख आहे अशी तक्रार नावातच आहे, आणि आवाजही तसाच: विरूप झालेल्या ध्वनीचा दाट धुरळा. तो वाढतच जातो, आणि त्यातून गाण्याचा आवाज हळूहळू वर येतो. पण मग कळतं, की हे जग सोडून जायची भाषा ते करत नाहीत. जीव नकोसा करणारं हेच जग आपल्याकडे आहे, दुसरं नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा गातात. साठीच्या आसपासची माणसं हे गातात तेव्हा त्यात विशीतल्या संतापापेक्षा निराळं काही असतं. त्यांनी पुष्कळ पाहिलंय आणि तरी ती रोज वाद्यं जोडून बसतायत.

ऐकताना एक करा. गाणी मागेपुढे करू नका. हा अल्बम ओळीनं ऐकण्यासाठी रचलाय. मोठ्या आवाजानंतर येणारं शांत गाणं त्या आवाजामुळेच शांत वाटतं. शक्य असेल तर हेडफोन लावा, आणि दुसऱ्यांदा ऐकताना फक्त बासवर लक्ष ठेवा. जेम्स मॅकन्यू किती थोडे सूर वाजवतो आणि ते किती ठाम असतात, ते लक्षात येईल.

तर आता ऐकू या 'सिनात्रा ड्राइव्ह ब्रेकडाउन'. एरवी वेळेसाठी आपण मोठी गाणी मध्येच उतरवतो. हे शेवटच्या सुरापर्यंत वाजेल.