कानावर पडलेली वाक्ये

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : तुम्हाला सुचते कसे? तीस वर्षे मुंबईच्या जाहिरात संस्थांमध्ये काढली, त्यांतली निम्मी क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणून, आणि खरे सांगायचे तर त्या खुर्चीवर बसल्यापासून माझे सुचणे कमी झाले आणि नाकारणे वाढले. सकाळी कॉन्फरन्स रूमच्या भिंतीवर पंचवीस-तीस लेआउट, म्हणजे जाहिरातींचे कच्चे आराखडे, टाचणीने लावलेले असत, ते करणारी मुले रात्रभर जागून डोळे चोळत कडेला उभी असत, आणि तासाभरात त्यांतले दोन ठेवून बाकीचे मला उतरवायचे असत. उतरवताना कारण द्यावे लागते. ‘मजा येत नाही’ हे कारण नव्हे, जरी माझ्या वरिष्ठांनी मला वर्षानुवर्षे तेवढेच ऐकवले असले तरी. दुपारी क्लायंटकडे जाऊन त्याच दोन लेआउटसाठी भांडायचे, लोगो आणखी मोठा करण्यावर तडजोड करायची आणि संध्याकाळी एडिटिंगला बसायचे. या दिनक्रमात स्फूर्तीसाठी वेगळी वेळ राखून ठेवता येत नाही.

मग येते कुठून? माझे उत्तर असे की ती बहुतेक वेळा कानातून येते, आणि आपल्या नकळत ती बरीच आधी आत शिरलेली असते.

जाहिरात-लेखक पीयूष पांडे यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९५५ चा, जयपूरचा. राजस्थानकडून ते रणजी क्रिकेट खेळले, काही काळ चहाची चव पारखण्याचे काम केले आणि १९८२ मध्ये ऑगिल्व्ही या जाहिरात संस्थेत आले, तेही क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांशी व्यवहार सांभाळणाऱ्या विभागात; लेखनाच्या विभागात ते नंतर गेले. त्या काळी आपल्याकडे जाहिरातीचा विचार इंग्रजीत होई आणि मग हिंदी, मराठी, तमिळ वगैरे भाषांत तो उतरवला जाई. पांड्यांनी हा क्रम उलटा केला, असे त्यांच्याबद्दल नेहमी म्हटले जाते. ते बरोबर आहे. पण त्यामागे नुसता भाषाभिमान होता असे मला वाटत नाही. घरात, मैदानावर, बाजारात ऐकलेल्या बोलीवर त्यांचा जाहिरातीच्या इंग्रजी मजकुरापेक्षा अधिक विश्वास होता, एवढाच मी त्याचा अर्थ लावतो.

फेव्हिकॉलचेच पाहा. १९५९ मध्ये हा पांढरा गोंद बाजारात आला, तेव्हा सुतारांची भिस्त सरसावर होती. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस विस्तवावर वितळवावा लागे, त्याला वास येई आणि गार झाला की पुन्हा तापवणे आलेच. बलवंत पारेख यांच्या कंपनीने आपला माल थेट सुतारांपर्यंत नेला, म्हणजे हे गिऱ्हाईक जाहिरातीच्या आधीच जोडलेले होते. पांड्यांच्या जाहिरातींनी पुढे या चिकटपणाला गावगप्पेतली अतिशयोक्ती दिली. वाळवंटी रस्त्यावरून हिंदकळत जाणारी ती बस आठवा : टपावर, दारात, बाजूंना माणसेच माणसे लगडलेली, खड्ड्यांमागून खड्डे येतात, कोणीही पडत नाही, आणि शेवटी बसच्या मागे फेव्हिकॉलचा फलक दिसतो. दिग्दर्शन त्यांचे बंधू प्रसून पांडे यांचे. संपूर्ण जाहिरातीत एकही संवाद नाही. रासायनिक गुणधर्म सांगायचा मोह कंपनीने आणि संस्थेने आवरला, याचे मला आजही आश्चर्य वाटते. माझ्या क्लायंटने निदान ‘दुप्पट मजबूत’ एवढे तरी लिहायला लावले असते.

कॅडबरीची ‘कुछ खास है’ ही नव्वदीच्या दशकातली जाहिरात सर्वांना माहीत आहे. चॉकलेट म्हणजे लहान मुलांचा खाऊ, ही समजूत मोडून ते मोठ्यांच्या हाती द्यायचे, असा प्रश्न होता. नव्व्याण्णववर खेळणारा फलंदाज षटकार मारतो आणि त्याची मैत्रीण पहारेकऱ्याला चुकवून मैदानात नाचत शिरते. त्या गाण्याचे शब्द पांड्यांनी विमानात, बोर्डिंग पासच्या मागे लिहिले, ही गोष्ट आमच्या धंद्यात इतक्यांदा सांगितली जाते की नव्या मुलांना वाटते, सगळी करामत त्या कागदाचीच. मला त्याआधीची वर्षे महत्त्वाची वाटतात. नव्व्याण्णववर उभ्या असलेल्या माणसाच्या आणि सीमारेषेबाहेरच्या माणसाच्या पोटात काय होते, हे रणजी खेळलेल्या लेखकाला क्लायंटच्या कोणत्याही ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या टिपणात, वाचावे लागले नव्हते.

आता माझी एक फजिती. सर्दी-खोकल्यावरच्या एका बामची रेडिओ जाहिरात होती. हिंदी ओळ आधीच मंजूर झालेली, ‘अपनों का साथ’ असे काहीसे. रात्री अकराला मी तिचे मराठी केले, ‘पावसाळ्यात आपल्या माणसांची साथ’, आणि सकाळी स्टुडिओत पोहोचलो. आवाज द्यायला आलेल्या बाई रंगभूमीवरच्या अनुभवी अभिनेत्री. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच ताप आलाय का?” क्षणभर मला कळेना. मग कळले, आणि रेकॉर्डिस्टने काचेपलीकडे तोंड फिरवून घेतले. पावसाळा, सर्दी, बाम आणि साथ हे शब्द एकत्र आले की मराठी माणसाला दवाखान्यातली रांगच दिसणार. क्रिएटिव्ह डायरेक्टर या नात्याने ही ओळ भिंतीवरून मीच उतरवायला हवी होती. पण ती माझी होती, म्हणून भिंतीवर लागलीच नव्हती.

मी त्यांना विचारले की तुमच्या घरी अशा वेळी काय म्हणतात. त्या म्हणाल्या, “म्हणायचं काय? ये, चोळून देते, एवढंच.” आम्ही तेवढेच घेतले. मागे पावसाचा आवाज, एक खोकला, आणि “ये, चोळून देते.” क्लायंटने बामचे गुण कुठे गेले असे दोनदा विचारले आणि शेवटी बामचे नाव दोनदा घेण्याच्या अटीवर मान्य केले. जाहिरात दोन पावसाळे वाजली. संस्थेच्या नोंदीत लेखक म्हणून माझे नाव गेले. बाईंना मानधन मात्र एका डबिंगचेच मिळाले, आणि त्या व्हाउचरवर सहीही माझीच होती.