छावणीच्या हद्दीबाहेर

[दृश्य: ड्रोन. नदी, दोन्ही काठांचे उभे कडे]

ही केंटकी नदी. काठाचे हे चुनखडीचे कडे काही ठिकाणी चारशे फूट उंच आहेत. इकडे नदी, तिकडे हिकमन नावाचा ओढा. दोन बाजू निसर्गानेच बंद करून ठेवलेल्या. उरलेल्या उत्तरेकडे मातीचे बुरूज चढवले की झाला किल्ला! अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६३ साली, उत्तरेच्या म्हणजे युनियनच्या सैन्याने ही जागा हेरली ती याच हिशेबाने. नाव दिलं कॅम्प नेल्सन.

[दृश्य: छावणीचा जुना नकाशा, नदीपासून टेकाडापर्यंत सरकत]

चार हजार एकरांहून जास्त पसारा, तीनशेच्या घरात इमारती. आणि पाणी तर सगळं खाली नदीत. वाफेवर चालणारे पंप ते ४७० फूट वर चढवायचे, टेकाडावर ५ लाख गॅलनचं टाकं भरायचे. भटारखान्यातून रोज दहा हजार शिधे भरतील एवढा पाव निघे. मोहिमेवर निघालेल्या शिपायाच्या झोळीत हार्डटॅक असायचं. म्हणजे पीठ-पाण्याचं बिस्किट, कॉफीत बुडवल्याशिवाय दात लागायचा नाही असं. छावणीत मात्र ताजा, मऊ पाव. शिपायाच्या लेखी हे सुख थोडं नव्हे.

[दृश्य: बराकीची प्रतिकृती, आत लाकडी बाकं आणि शेगडी]

ही बराक नव्याने बांधलेली आहे, पण नमुना जुनाच. फळ्यांच्या भिंती, रांगेने झोपायच्या जागा. सकाळी बिगूल, हजेरी, कवायत. मग खेचरांची देखभाल, लाकूडफाटा, पहारा. परत कवायत. युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तोफा येतात. शिपायाचे बहुतेक दिवस असेच गेले.

[दृश्य: जुनं छायाचित्र, बराकीपुढे रांगेत उभे काळे शिपाई]

आता या फोटोवर जरा थांबू या. अंगात निळा गणवेश. यातली बहुतेक माणसं आदल्या वर्षापर्यंत कुणाच्या तरी मालकीची होती. या छावणीतून दहा हजारांवर काळे शिपाई भरती झाले.

इथे एक गुंता आहे, तो सोडवल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. केंटकी हे गुलामगिरीचं राज्य, पण ते युनियनमधून फुटलं नाही. लिंकनचा १ जानेवारी १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा लागू होता तो बंडखोर, म्हणजे युनियनमधून फुटलेल्या मुलखाला. म्हणजे केंटकीतला गुलाम होता तिथेच राहिला. त्याला सुटायची वाट एकच, सैन्यात नाव घालणं. १८६४च्या उन्हाळ्यात मालकाच्या परवानगीची अटही गेली आणि माणसं रात्री-बेरात्री चालत इथे येऊ लागली. सही केली की माणूस मोकळा. पण तो एकटाच. त्याची बायको आणि मुलं अजून मालकाचीच.

मग ती मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर? कुटुंबं मागोमाग आली. बायका शिपायांचे कपडे धूत, रांधत, मिळेल त्या आडोशाला झोपडं उभारून राहत. सेनाधिकाऱ्यांना ही अडगळ वाटे. छावणीचा प्रमुख ब्रिगेडियर जनरल स्पीड फ्राय याने त्यांना आधीही अनेकदा हाकललं होतं.

(पुढे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांच्याच बाजूचं हे सैन्य. म्हणून तर ही गोष्ट मराठीत सांगावीशी वाटली.)

[दृश्य: हस्तलिखित कागद, अगदी जवळून]

हे एका शिपायाचं शपथेवरचं निवेदन. तारीख २६ नोव्हेंबर १८६४. जोसेफ मिलर, १२४वी काळी पायदळ पलटण. ऑक्टोबरच्या मध्यावर तो बायको आणि चार मुलांना घेऊन आला. मुलं दहा, नऊ, सात आणि चार वर्षांची. तू भरती झालास तर यांना मी पोसणार नाही, असं मालकाने बजावलं होतं. भरती करून घेणाऱ्या लेफ्टनंटनेच त्यांना राहायला तंबू दाखवला.

२२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी घोडेस्वार पहारेकरी निरोप घेऊन आला, सकाळच्या आत निघा. सात वर्षांचं पोर आजारातून नुकतं उठत होतं. जायचं कुठे? ते तिथेच राहिले. सकाळी आठला पहारेकरी पुन्हा आले. कडाक्याची थंडी, झोंबरा वारा. मिलरने सांगून पाहिलं, पोर मरेल. हेही सांगितलं, की मी अमेरिकेचा शिपाई आहे. त्याने काही फरक पडत नाही, असं उत्तर आलं. गाडीत चढला नाहीत तर एकूण एकाला गोळी घालीन. आजारी पोराला छातीशी धरून आई गाडीत चढली. मिलर हद्दीपर्यंत मागे चालत गेला. हद्दीपर्यंतच.

[दृश्य: निकोलसव्हिलकडे जाणारा रस्ता, संध्याकाळ]

रात्री तो शोधत निघाला. सहा मैलांवर निकोलसव्हिलला काळ्या लोकांचं एक जुनं प्रार्थनाघर होतं, त्यात सापडली. एकच शेगोटी, आणि गर्दीमुळे तिच्याजवळ जायची सोय नाही. दिवसभरात अन्नाचा कण पोटात नाही. पोर गाडीतून उतरवल्या उतरवल्याच गेलं होतं.

त्याला रात्रीच परतायचं होतं. परतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत गेला, आपल्या हाताने खड्डा खणला आणि पोराला पुरलं.

[दृश्य: निर्वासितांच्या घरांचं छायाचित्र, झरझर]

छावणीतल्या सगळ्याच कुटुंबांना हाकलायचा हा फ्रायचा हुकूम होता. वर्तमानपत्रांत बोंब झाली, तो मागे घेतला गेला, छावणीत कुटुंबांसाठी घरं बांधली गेली आणि ३ मार्च १८६५च्या कायद्याने शिपायांच्या बायका-मुलांना मुक्ती मिळाली. हाकललेल्या सुमारे ४०० जणांपैकी १०२ दगावले. मिलरची बायको इझाबेला आणि उरलेली तिन्ही मुलं त्यांत गेली. ६ जानेवारीला मिलरही गेला.

[दृश्य: पुन्हा तोच कागद, तळाशी]

मिलरला लिहिता येत नव्हतं. सांगितलं त्याने, उतरवून घेतलं दुसऱ्याने. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर ‘निशाणी नांगर’ असते ना, तशी इथे फुली आहे. आणि तिच्या जरा वर मजकुराची शेवटची ओळ: कुटुंबाला मी त्या प्रार्थनाघरात सोडून आलो, ती अजून तिथेच आहेत.