पेन्सिलच्या रेघेची जाडी

नगररचनेच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या मित्रहो, एकास पाच हजार प्रमाणातल्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ मारली, तर जमिनीवर नुसती तिची जाडीच अडीच मीटर भरते. म्हणजे कुणाच्या तरी घरातली एक खोली. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी वरिष्ठांनी मला हा हिशेब करून दाखवला आणि म्हणाले, "आता जागेवर जाऊन ये." मी आखलेला रस्ता जिथून जात होता तिथे एका घराची मागची भिंत होती, भिंतीला लोखंडी शिडी आणि शिडीच्या वर एक बिऱ्हाड. नकाशात ना शिडी होती, ना बिऱ्हाड.

या क्षेत्रात कुणी वास्तुशास्त्रातून येतं, कुणी स्थापत्य अभियांत्रिकीतून, कुणी भूगोल किंवा अर्थशास्त्रातून. कुठूनही या, चालेल. पण आराखडा आणि धोरण ही दोन वेगळी खाती आहेत असं मानून येऊ नका.

स्वीडनच्या राजधानीचं, स्टॉकहोमचं पाहा. शहराच्या मध्यभागी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा बहुतेक लोक विरोधात होते. मग 2006 च्या जानेवारीपासून जुलैअखेरपर्यंत ते प्रयोग म्हणून लावलं. त्याआधीच, 2005 च्या ऑगस्टमध्ये, जादा बस सुरू केल्या होत्या. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो: आधी पर्याय, मग शुल्क. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी घटली. प्रयोग थांबला तशी ती पुन्हा वाढली, आणि हा फरक लोकांनी स्वतः रस्त्यावर अनुभवला. सप्टेंबरच्या सार्वमतात शहरातल्या निम्म्याहून थोड्या जास्त मतदारांनी होकार दिला. आसपासच्या ज्या नगरपालिकांनी मत घेतलं, तिथे मात्र नकाराचं पारडं जड होतं. तोही कौल नीट वाचायला हवा, कारण रोज गाडीने शहरात येणारे बरेचसे तिथलेच. 2007 मध्ये शुल्क कायम झालं. यात रेघ जवळजवळ कुठेच नाही. आहे ती मोजणी, वेळापत्रक आणि लोकांना पारखून बघायला दिलेला अवधी.

तुमच्या उमेदीची कितीतरी वर्षं आराखड्यावरच्या लोकांच्या हरकती ऐकण्यात जातील. त्या कामाला दुय्यम समजू नका. माझं निम्मं शिक्षण तिथेच झालं. आराखड्याच्या भाषेत ज्याला 'बाधित क्षेत्र' म्हणतात, त्यातला माणूस प्लास्टिकच्या पिशवीत जुनी वीजबिलं घडी घालून आणतो. तीन तास ताटकळून आत आलेला असतो आणि टेबलावरचा नकाशा त्याला उलटा दिसत असतो. त्याला आधी बसायला सांगा. नकाशा त्याच्या बाजूला फिरवा. त्याचं घर कुठे आहे ते त्यालाच बोट ठेवून दाखवू द्या आणि त्याचं बोट जिथे थांबेल तिथे, बोलायच्या आधी, नीट बघा.