प्रोस्टेट किती ग्रॅमचे, हा प्रश्न नंतरचा

साठीच्या आसपासचे गृहस्थ लघवीच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे येतात, तेव्हा बोलणे पुष्कळदा सोनोग्राफीच्या अहवालापासून सुरू होते. प्रोस्टेट ४५ ग्रॅमचे निघाले, आता शस्त्रक्रिया करावी लागणार का, असा त्यांचा प्रश्न असतो. ग्रंथीचे वजन, तिच्यामुळे होणारा त्रास आणि तिच्यामुळे संभवणारा धोका या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि नुसत्या वजनावरून उरलेल्या दोहोंचा अंदाज बांधता येत नाही, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवी बाहेर नेणाऱ्या मूत्रनलिकेला वेढून असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीपर्यंत जवळजवळ निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत ही वाढ आढळते. ही वाढ कर्करोगाची नव्हे. ३० ग्रॅमची ग्रंथी आतल्या बाजूने मूत्राशयाच्या तोंडात घुसली, तर लघवीची धार अडते. ८० ग्रॅमची ग्रंथी बाहेरच्या अंगाने वाढली, तर त्या माणसाला काहीच जाणवत नाही, असेही घडते.

तक्रारी साधारण दोन प्रकारच्या असतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, धार बारीक होणे, मध्येच तुटणे, जोर करावा लागणे या तक्रारी लघवी बाहेर पडण्याच्या वाटेशी निगडित असतात, जरी मधुमेहाने मूत्राशयाचा स्नायू दुबळा झाला तरी धार अशीच मंदावते. वारंवार जावे लागणे, एकदम घाई होणे, वाटेतच कपडे ओले होणे हा दुसरा प्रकार. त्याचे मूळ प्रोस्टेटमध्ये असेलच असे नाही. अनियंत्रित मधुमेह, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेला खडा, पक्षाघात किंवा पार्किन्सन म्हणजे कंपवात यांमुळेही तो उद्भवतो. तरुण माणसाची धार बारीक झाली असेल, तर प्रोस्टेटपेक्षा मूत्रनलिका आक्रसली आहे का, हे आधी पाहावे लागते, विशेषतः पूर्वी नळी घातलेली असेल, मार लागला असेल किंवा गुप्तरोग होऊन गेला असेल तर.

रात्री उठावे लागणे या तक्रारीवर थोडे थांबून बोलतो, कारण तिच्याबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. तीन दिवस एक मोजपात्र न्हाणीघरात ठेवावे आणि प्रत्येक वेळची लघवी किती मिलिलिटर झाली व किती वाजता झाली, हे वहीत टिपावे. हे काम सुशिक्षित माणसांनाही कमीपणाचे वाटते, पण कित्येक महागड्या तपासण्यांपेक्षा ते अधिक सांगून जाते. ज्येष्ठ माणसाची दिवसभरातील एकूण लघवीपैकी एकतृतीयांशाहून अधिक रात्रीच होत असेल, तर मुळात रात्री लघवी जास्त तयार होते आहे, असा त्याचा अर्थ. संध्याकाळी पायांवर सूज येते का, हृदय अशक्त आहे का, घोरताना श्वास अडतो का, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते का, हे अशा वेळी तपासायला हवे. अशा माणसाच्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया कितीही उत्तम झाली, तरी रात्रीची जाग चुकणार नाही. याउलट प्रत्येक वेळी थोडीथोडीच लघवी होत असेल, तर दोष मूत्राशयात किंवा त्याच्या तोंडाशी शोधावा.

त्रास मोजण्यासाठी जगभर सात प्रश्नांची एक गुणपत्रिका वापरली जाते. तिचे एकूण गुण ३५ असतात. ७ पर्यंत त्रास सौम्य, १९ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. सौम्य त्रास असलेल्या माणसाला पुष्कळदा औषधाचीही गरज नसते. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास पाणी बेताने पिणे आणि संध्याकाळचा चहा सोडणे एवढे पुरते. दिवसाचे पाणी मात्र तोडू नये. एसटीचा लांबचा प्रवास आहे म्हणून सकाळपासून कोरडे राहणारे लोक पुढे उन्हाळी लागल्याची आणि मूतखड्याची तक्रार घेऊन येतात.

आता धोक्याविषयी. लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच गेलेले असो, न दुखता गेलेले असो, की रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गेलेले असो, तपासणी झालीच पाहिजे. बीट खाल्ल्यानेही लघवी लालसर होते हे खरे, पण तसा निष्कर्ष लघवीच्या तपासणीनंतर काढावा. न दुखता जाणारे रक्त हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याची शक्यता वाढते. लघवी अजिबात होत नसेल आणि ओटीपोट फुगून दुखत असेल, लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप आला असेल, किंवा कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतील भाग व गुदद्वाराभोवतीची जागा बधिर झाली असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सर्वांत फसवा प्रकार मात्र न दुखणारा असतो. मूत्राशय काठोकाठ भरलेला राहतो, झोपेत अंथरूण ओले होते, आणि घरचे ते वयाचे समजून सोडून देतात. त्या काळात मूत्रपिंडे निकामी होत असतात. अशा माणसाची सोनोग्राफी लघवीच्या आधी आणि नंतर करून, मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पाहावे लागते.

कर्करोगाची भीती अनेकांच्या मनात असते. प्रोस्टेटचा कर्करोग आरंभी बहुधा लघवीचा काहीच त्रास देत नाही. म्हणून पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे एक प्रथिन) मोजणारी रक्ततपासणी आणि गुदद्वारातून बोटाने करायची प्रोस्टेटची तपासणी यांविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. दुसरी तपासणी अर्ध्या मिनिटाची असते, पण तिच्या संकोचाने लोक वर्षे घालवतात. जंतुसंसर्ग असताना किंवा लघवी तुंबल्यावर पीएसए वाढतो, तेव्हा तेवढ्यावरून घाबरू नये. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेट आकसवणारी गोळी सहा महिने घेतल्यावर तो निम्म्यावर येतो, म्हणून ती गोळी चालू असल्याचे तपासणाऱ्याला सांगावे.

औषधांसंबंधी आणखी दोन सूचना. धार बारीक असलेल्या माणसाने सर्दीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. तिच्यातील काही घटकांमुळे लघवी एकाएकी तुंबते. आणि लघवीची वाट सैल करणारी टॅम्सुलोसिन ही गोळी घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ते नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, पूर्वी घेऊन बंद केले असले तरी, कारण शस्त्रक्रिया चालू असताना बुबुळ शिथिल पडते आणि त्याची तयारी त्यांना आधीच ठेवावी लागते.