वाफसा

नमस्कार, श्रोतेहो.

पाऊस ओसरलाय, उघडीप मिळालीय, परड्यात वांगी-मिरचीची रोपं लावायचे दिवस आलेत. म्हणून आज बोलायचंय ते आपल्या कृष्णाकाठच्या मातीबद्दल.

सांगली जिल्ह्याची माती एकसारखी नाही. पश्चिमेला शिराळ्याकडे डोंगरउताराची तांबडी माती, तिथं भात. पूर्वेला जत-आटपाडीकडे हलकी रानं, वीतभर खणलं की मुरूम लागतो. मधे वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात काळी, भारी, खोल जमीन. आणि अगदी नदीला लागून मळी, म्हणजे पुरानं वर्षानुवर्षं आणून टाकलेला पोयटा. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव झालं ते या मळीच्या जोरावर. तुमचं परडं मळीत असेल तर तुम्ही भाग्यवान. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला मात्र काळी माती आलीय.

ही माती काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण मोठं. पाणी मिळालं की ती फुगते आणि स्वतःची छिद्रं स्वतःच बंद करते. उन्हाळ्यात आकसते, तेव्हा भेगांत कोपरापर्यंत हात जातो. कस भरपूर आहे तिच्यात. झाडं मरतात ती उपासानं नव्हे, गुदमरून.

हे मी एक झाड गमावून शिकले. दारात लिंबू लावलं होतं, रोज संध्याकाळी बादलीभर पाणी घालायचे. पानं पिवळी पडली, वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून दोन बादल्या घालू लागले. झाड वाळलं तेव्हा उपटून पाहिलं. वरची माती कोरडी, तडकलेली, आणि फूटभर खाली काळा चिखल, त्याला आंबूस वास. मुळं काळी पडलेली. चिमटीत धरून ओढलं तर मुळाची साल मोज्यासारखी निघून हातात आली. पाच वर्षांचं झाड होतं, श्रोतेहो. आजही त्या जागेवरून जाताना चुटपुट लागते.

आपल्या आज्या-पणज्यांकडे यासाठी एक शब्द होता, वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी वेळ. मूठभर माती, तीही वरची नव्हे, वीतभर खालची, हातात घेऊन दाबा. लाडू वळला आणि बोटानं टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आहे. फुटलाच नाही, बोटाला चिकटला, तर त्या दिवशी पाणीही नको आणि खुरपंही नको. ओल्या काळ्या मातीत पाय दिला की तिची ढेकळं होतात आणि मग ती फोडता फोडता जीव जातो.

हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते तिथं, हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. ते त्या मातीचंच देणं, असं जुनी माणसं सांगतात. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली.

मग परड्यात करायचं काय? अनेक जण वाळू आणून टाकतात. कृपा करून टाकू नका. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की ती विटेसारखी घट्ट बसते. चांगलं कुजलेलं शेणखत घाला, भाताचं तूस घाला. वाफा जमिनीच्या बरोबरीनं न ठेवता वीतभर उंच करा. लिंबू, पेरू, कढीपत्ता असं काही लावायचं तर मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. आणि आजूबाजूच्या रानांत उसाचं पाचट पेटवून देतात ना, ते मागून आणा आणि झाडाच्या बुंध्यापासून थोडं दूर, चार बोटं जाड पसरा. भेगा पडायच्या थांबतात.

दोन गोष्टी वेळीच ओळखा. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर मातीत चुनखडी जास्त असण्याची शक्यता आहे. लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. तिथं युरिया टाकून उपयोग नाही, शेणखतात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिसळून द्या. दुसरं, जमिनीवर पांढरं मीठ फुटणं. उसाला बेसुमार पाणी दिल्यानं आपल्या भागातली हजारो एकर जमीन अशी क्षारपड झाली, ते डोळ्यांनी पाहवत नाही. खारवट बोअरच्या पाण्यानं परड्यातही तेच होतं. अशा वेळी आधी माती तपासून घ्या. खारवट जमिनीला निचरा करून चांगल्या पाण्यानं धुऊन काढावं लागतं, चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीला जिप्सम लागतं. न तपासता काही टाकू नका.

उद्या सकाळी परड्यात दीड फूट खोल खड्डा खणा. पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. परवा सकाळीही पाणी तसंच दिसलं, तर तिथं लिंबू नका लावू. तिथं अळू लावा, छान येईल.

नमस्कार.