ओक्लाहोमा: आधीच वसलेली भूमी

मंडळी, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याची गोष्ट बहुतेक जण २२ एप्रिल १८८९ च्या दुपारपासून सांगतात. हद्दीवर सैनिक, घोडे, गाड्या, आगगाडीत कोंबलेली माणसं. ठीक बाराला इशारा झाला आणि सुमारे ५०,००० लोक सरकारने खुल्या केलेल्या जमिनीसाठी सुटले. खुंटी ठोकून हक्क सांगायचा आणि पुढे ती जमीन कसायची, म्हणजे १६० एकर आपले. सकाळी जेमतेम रेल्वे ठाणं असलेल्या गथ्रीत संध्याकाळी १०,००० माणसांची तंबूवस्ती उभी होती. वेळेआधीच आत घुसून लपलेल्यांना 'सूनर' म्हणत. राज्याचं टोपणनाव आज तेच आहे.

मला मात्र पन्नास वर्षं मागे जायचंय, कारण ही जमीन कुणाचीच नव्हती असं नाही. १८३० चा कायदा अध्यक्ष जॅक्सन यांच्या आग्रहाचा. त्याखाली चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या मूळनिवासी जमातींना आग्नेयेकडच्या गावांतून उठवून इथे आणलं. ही नवी जमीन कायमची तुमची, असं वचन देऊन. १८३८-३९ च्या चेरोकींच्या वाटचालीत सुमारे १६,००० पैकी अंदाजे ४,००० माणसं दगावली.

आणि उरलेल्यांनी काय केलं? संसार मांडला. सिकोया नावाच्या चांदीकाम करणाऱ्या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्याने चेरोकीसाठी लिपी घडवली होती. आपल्या क, कि, कु सारखी, एका उच्चारखंडाला एक खूण. फरक इतकाच की इथे मात्रा नाही, प्रत्येक खूण वेगळी, अशा सुमारे ८५. त्याच लिपीत आणि इंग्रजीत १८४४ पासून टॅलेक्वाहून वर्तमानपत्र निघू लागलं, १८५१ मध्ये मुलींची शाळा उघडली. या समाजांत काळे गुलामही होते, हे लपवून चालणार नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात यांतले बरेच गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने गेले, आणि १८६६ च्या तहांत त्याची किंमत म्हणून पश्चिमेकडची जमीन काढून घेतली गेली. ८९ ची धाव त्याच जमिनीवर. 'ओक्लाहोमा' हा शब्दही त्याच वाटाघाटींत चोक्टॉ पुढारी ॲलन राइट यांनी सुचवला: ओक्ला म्हणजे लोक, हुम्मा म्हणजे तांबडे.

उरलेली जमीन सामाईक होती. ती मोडून माणशी तुकडे नावावर करायचं सरकारने ठरवलं. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढावं म्हणून माणसं खेटे घालतात. इथे क्रीकांचा चिट्टो हार्जो नाव चढू नये म्हणून झगडला. १९०६ मध्ये टल्सात सिनेटच्या समितीपुढे उभा राहून त्याने १८३२ च्या तहाची आठवण दिली. त्याच्या आदल्या वर्षी मस्कोगीत परिषद भरवून या लोकांनी 'सिकोया' नावाच्या स्वतंत्र राज्याची घटनाही लिहिली होती. मतदारांनी ती मोठ्या बहुमताने मंजूर केली, पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तिला दाद दिली नाही. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी हुकलेली संधी हीच.

१६ नोव्हेंबर १९०७ ला पश्चिमेचा ओक्लाहोमा प्रदेश आणि पूर्वेचा, या जमातींचा इंडियन प्रदेश मिळून अमेरिकेचं ४६ वं राज्य झालं. गथ्रीत ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर लुटुपुटूचं लग्न लागलं: वर ओक्लाहोमा प्रदेश, वधू इंडियन प्रदेश. वधू झालेली बाई चेरोकी वंशाची होती.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की क्रीकांचं राखीव क्षेत्र काँग्रेसने कधी रद्द केलेलंच नाही. टल्साचा मोठा भाग त्याच क्षेत्रात येतो.